द्राक्षांचा अर्धा घाणा

नदीपलीकडे राहणारे आमचे हुनाल्ड भाऊजी यांस,

तुमच्या दादांच्या मागे राहिलेल्या रोथिल्डाचा नमस्कार. संत मार्टिन तुमचं, आमच्या जाऊबाई गिस्लाचं आणि तुमच्या लंगड्या बैलाचं रक्षण करो. (बैल अजून आहे ना? लढाईपासून माणसांची चौकशी करायला भीती वाटते, म्हणून मी बैलापासून सुरुवात करते.) तुमचा गुडघा कसा आहे? हे सहज म्हणून विचारलेलं नाही, ते पुढे कळेलच. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे छप्पर आहे, शेळी आहे आणि मी आहे.

हे पत्र तुम्हांला मठातले कोणी बाबा वाचून दाखवतील. बाबा, तुम्हांलाही नमस्कार. जरा हळू वाचा आणि उजव्या बाजूला बसून वाचा. भाऊजींना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि गोष्ट न आवडणारी असली तर उजव्यानंही. अक्षर वाईट आहे, ते माझंच. मला कोणी शिकवलं नाही. आमचे आधीचे पाद्री स्तोत्रांची पोथी मागे ठेवून वारले. स्तोत्रं मला ऐकून पाठ होतीच, तेव्हा ओळीवर बोट ठेवून कुठलं चिन्ह कुठला आवाज काढतं, हे मी तीन हिवाळ्यांत एकटीनं शोधून काढलं. (त्याचा मला फार गर्व होता. तोही पुढे येईल.) पत्राचं कातडं नवं नाही, मागच्या बाजूला आधीचं काही लिहिलेलं आहे. ते एवढ्यात उलटून बघू नका, वेळ आली की मी सांगेन.

काम एवढंच की आपल्या घाण्याची तुळई हवी आहे, आणि ती यंदाची द्राक्षतोड संपायच्या आत हवी आहे. का हवी हे सांगायला मला माझी लाज उघडी करावी लागणार, आणि ती बरीच लांबरुंद आहे.

मामंजी गेले तेव्हा आपल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही मुलांत सगळं समसमान वाटायचं ठरलं. वेली वाटल्या, मेंढ्या वाटल्या, एक मेंढी वर उरली ती सगळ्यांनी मिळून खाल्ली. राहिला घाणा. तुमचे दादा म्हणाले, तो सामाईक ठेवू, एका वर्षी आधी तुझी द्राक्षं, एका वर्षी आधी माझी. तुम्ही मान डोलावलीत. आणि चुलीपाशी कोण बोललं? मी. म्हटलं, समसमान म्हणजे समसमान, घाणाही वाटा. तुम्ही दोघं खो खो हसलात. हसला नसतात तर मी तिथंच सोडून दिलं असतं, पण तुम्ही हसलात आणि मी हट्टाला पेटले. दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी खालची दगडी कुंडी आमच्याकडे राहिली आणि द्राक्षं दाबायची वरची ओकची तुळई तुम्ही तराफ्यावर घालून नदीपलीकडे नेलीत. तेव्हापासून दोन्ही काठांवरची माणसं पायांनी द्राक्षं तुडवतात. तुमच्या तुळईवर गिस्लाच्या कोंबड्या बसतात असं ऐकते. आमच्या कुंडीत मी कपडे धुतले आहेत. (एकदाच.)

मग वर राजवाड्यातही तेच सुरू झालं. म्हातारे सम्राट गेले, मागे तीन मुलगे. थोरल्याला सगळंच हवं, म्हणून मधला आणि धाकटा एक झाले. गावातले लोक तोंडात बोटं घालून म्हणायचे, सख्खे भाऊ असं करतात तरी कसं? कसं करतात ते मला ठाऊक होतं. त्यांच्याही चुलीपाशी कोणीतरी बोललं असणार. आमच्या काठाचे सरदार थोरल्याचे, तुमच्या काठाचे धाकट्याचे, त्यामुळे तुमचे दादा थोरल्याकडून लढायला गेले आणि त्यातच संपले, हे तुम्हांला माहीत आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही.

आता यंदा राजेभाऊ दमले आणि राज्य वाटून घ्यायचं ठरलं. मोजदादीला आमच्या गावी तीन माणसं आली, एकेका राजाचा एकेक. कोणाचा कोणावर विश्वास नाही, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तीनदा मोजायची. आमची शेळी तीनदा मोजली. तिन्ही वेळा ती एकच भरली, तेव्हा कुठे त्या तिघांचं पहिल्यांदा एकमत झालं. त्यांच्याजवळ मामंजींच्या वेळची जुनी यादी होती, आणि आमचे नवे पाद्री लढाईच्या धास्तीनं पळालेले. 'वाचतं का कोणी इथं?' म्हणून त्यांनी विचारलं आणि मी पुढे झाले. सगळ्या गावासमोर खणखणीत वाचलं, 'द्राक्षांचा घाणा, एक, अख्खा.' गप्प बसले असते तर कोणाला काय कळणार होतं? पण मिरवायची हौस.

मी कुंडी दाखवली. थोरल्याचा माणूस म्हणाला, 'आणि वरचं?' म्हटलं, वरचं नदीपलीकडे, दिराकडे. तो म्हणाला, 'मग हा घाणा नाही.' धाकट्याचा माणूस म्हणाला, 'अर्धा घाणा लिहू या.' थोरल्याचा उसळला, 'अर्धा घाणा? उद्या अर्धी गाय लिहाल!' मधल्याच्या माणसाची भाषा आम्हां कोणालाच कळेना, पण तो चिडला होता एवढं कळत होतं. शेवटी थोरल्याचा म्हणाला, 'बाई, जे आहे ते सांगा. यात घालता काय?' आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या बर्टिल्डाची डुकरीण सगळ्यांच्या पायांतून वाट काढत आली आणि कुंडीत मान घालून उभी राहिली. (आदल्या दिवशी नासलेलं ताक मीच तिथं ओतलं होतं.) तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिहिलं, 'डुकरांची कुंडी, एक, फार मोठी.'

मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं. ते तिघं म्हणाले, एवढी मोठी कुंडी म्हणजे निदान चाळीस डुकरं असणार, आणि चाळिसांमागे दरसाल चार सरदारांच्या वाड्यावर पोचवायची. मी म्हटलं, माझ्याकडे एकही नाही. ते म्हणाले, म्हणजे रानात लपवली आहेत. मग रानात शिरून त्यांनी ओकांखाली चरणारी सगळ्या गावाची डुकरं गोळा केली आणि माझ्या नावावर मांडली. आता बर्टिल्डा विहिरीवर भेटली की सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडते, 'काय मालकीणबाई, आज किती व्यायल्या?' मी पाणी भरते आणि खाली मान घालून घरी येते.

द्राक्षतोड संपली की ते तिघं यादीवर शिक्का मारायला परत येणार आहेत. तेव्हा घाणा जुळलेला दिसला तर घाणा लिहितील. नाही दिसला, तर आमच्या काठाला थोरल्या राजाच्या राज्यात डुकरांची कुंडी आणि तुमच्या काठाला धाकट्याच्या राज्यात ओकचं सरपण. नदीचीच सरहद्द होणार अशी बोलवा आहे. मग एक तुळई इकडे आणायला राजांची परवानगी लागेल. तेव्हा तिची कोंबड्यांची घाण धुऊन तिला घेऊन या. घाणा सामाईक राहील. यंदा आधी तुमची द्राक्षं, पुढल्या वर्षीही तुमची. गिस्लाला माझा नमस्कार सांगा, ती घेत असेल तर.

तुमची वहिनी,
रोथिल्डा

ता. क. चार डुकरांसाठी मी पत्र लिहिलं नसतं. कशीही करून दिली असती. लढाईच्या वर्षी ईस्टरनंतर तुमचं पत्र आलं होतं. आमच्या घरी वाचणारी मीच. तुमच्या दादांनी चमचा खाली ठेवला आणि ऐकायला बसले. सुरुवातीचा नमस्कार मी वाचला. पुढे तुम्ही लिहिलं होतं, 'घाणा मोडला तो वहिनींच्या जिभेनं.' ते मी गाळलं. खरं होतं, म्हणून जास्त राग आला, आणि रागात पुढचंही गाळलं. पुढे असं होतं की तुम्ही तुळई परत आणताय, आणि 'दादा, तू तुझ्या पाठीचं निमित्त कर, मी माझ्या गुडघ्याचं करतो, आपण दोघं घरी राहिलो तर राजांचं काही अडणार नाही.' त्यांनी विचारलं, 'एवढंच?' मी म्हटलं, एवढंच. 'तुळईचं काही नाही?' मी म्हटलं, नाही. त्यांनी चमचा उचलला. दहा दिवसांनी लढाईला गेले. तुम्ही तिकडे गुडघा बांधून घरी बसलात, लोकांनी तुम्हांला भित्रा म्हटलं, आणि तुम्ही उत्तराची वाट पाहिलीत.

ता. क. दुसरा. लढाईतून गाडीवर घालून आणल्यावर ते नऊ दिवस जगले. सातव्या दिवशी मी सातूची पेज भरवत होते तेव्हा म्हणाले, 'हुनाल्डकडून मागाहून काही आलं होतं का गं?' तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, बोलू नका, पेज प्या. ते प्यायले. भाऊजी, माझं रडून झालं आहे. आता हे पाणी आणण्यासारखं झालं आहे. रोज जायचं, रोज भरायचं, रोज तेवढंच जड.

ता. क. तिसरा. आता कातडं उलटा. तुमचंच पत्र आहे. ते खरवडून दोन्ही बाजूंना लिहिता आलं असतं, चाकू हातात घेतलाही होता. तुळई आणा किंवा आणू नका, पण हे पत्र घेऊन या. त्यांच्या कबरीपाशी मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं आहे, जिभेच्या ओळीसकट. तुम्ही उजवा कान माझ्याकडे करून उभे राहा.

मठातल्या बाबांसाठी. तुम्ही मनातल्या मनात इथवर पुढे वाचून पाहिलं असणार, आणि भाऊजी तुमच्या तोंडाकडे बघत बसले असणार. 'वहिनींनी तुळई मागितली आहे, एवढंच,' असं म्हणून हे गुंडाळून ठेवावं असं तुम्हांला वाटेल. ते किती सोपं असतं हे मला ठाऊक आहे. बाबा, वाचा.