जित्या घोड्याचं कातडं

सर, छावणीच्या नोंदींच्या तुमच्या वहीत मी एक नाव घातलं. जिथं तुम्ही मोकळी रेघ सोडली होती तिथं, निळ्या शाईनं, तुमच्यासारखंच उजवीकडं कललेलं अक्षर काढून. मेलेल्या माणसाचं अक्षर काढणं फार सोपं असतं, तो तपासायला येत नाही. चार दिवस सराव केला. पाचव्या दिवशी मलाच ओळखू येईना की कोणता शब्द तुमचा आणि कोणता माझा. ते नाव तिच्या खापरपणजोबाचं आहे. ती म्हणजे तीच, तुमच्या वर्गात मुलींच्या पहिल्या रांगेत बसायची, तुम्ही प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही हात वर करायची नाही.

तलाव तुम्ही पाहिला होता तसाच आहे. काठावरच्या छावणीचं मात्र आणखी थोडं गेलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही आम्हाला तिथं न्यायचे आणि दोरीनं जोती मोजायला लावायचे. हा तबेला, हे स्वारांच्या खोल्यांचं जोतं, ही दाणा द्यायची जागा. निजामाच्या पैशावर आणि इंग्रजांच्या हुकुमावर चालणारं घोडदळ इथं का राहिलं, असं विचारायचे, आणि कोणी निजाम म्हणालं, कोणी इंग्रज म्हणालं की तलावाकडं बोट दाखवायचे. पाणी. एवढ्या घोड्यांना उन्हाळ्यात पुरेल असं पाणी दुसरीकडं नव्हतं. दळ हललं, बाजार उठला, दगड गावानं वाहून नेले. शाळेच्या पायरीतही तबेल्याचे दगड आहेत, हे तुम्हीच दाखवलं. कवायतीच्या मैदानात आता सोयाबीन असतं, पण म्हातारी माणसं त्या वावराला अजून परेटच म्हणतात.

त्याच छावणीत तुम्ही माझी गंमत केली. आठवीत होतो. निबंधात लिहिलं होतं की माझा खापरपणजा या दळात स्वार होता आणि त्याचा घोडा पांढराशुभ्र होता. तुम्ही मला घोड्यांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत उभं केलं. डोणी कोरडी, दगड तापलेला, माझ्या पायात चप्पल नाही. निबंध तीनदा मोठ्यानं वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तुम्ही वर्गाकडं वळून म्हणाले, "याच्या खापरपणजाच्या हातात लगाम नव्हता रे, झाडू होता. घोड्याची लीद उचले तो." सगळे हसले. तीही हसली. मी तिचे दात पाहिले. तुम्ही खरं बोलला होता, हे मला घरी गेल्यावर कळलं. आजीला विचारलं, तर तिनं मान खाली घातली आणि भाकर थापत राहिली. खरं बोलून माणसाला असं उघडं करता येतं, हे मी तुमच्याकडून शिकलो. तुमच्या बाकीच्या शिकवण्यातलं फार काही लक्षात नाही.

दहावीच्या वर्षी तुम्ही अंथरुणावर होते. घरी बोलावलं आणि वही हातात दिली. मला वाटलं आता माफी मागाल. तुम्ही म्हणाले, "तू मोजतो बरोबर. याच्यात भर घाल, पण एक नाव दोन तोंडांतून आल्याशिवाय लिहू नको." बस. पंधरा दिवसांनी तुम्ही गेले. मी रडलो नाही, हे आता सांगून टाकतो.

मोकळी रेघ होती ती वहीतल्या घोड्याच्या गोष्टीत. तुम्हाला पाठ असेल, तरी सांगतो, कारण मी ती इतक्या वेळा वाचली आहे की आता माझीच वाटते. दळातल्या प्रत्येक घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं नंबर उमटवलेला असायचा. घोडा मेला की स्वारानं त्या नंबराचं कातडं कापून कचेरीत दाखवायचं, तेव्हा दुसरा घोडा घ्यायला पैसे मिळायचे. एका स्वाराचा घोडा म्हातारा झाला, लंगडा झाला, पण मरेना. त्यानं घोड्याचं तोंड बांधलं, चारी पाय बांधले आणि जित्या अंगावरून नंबर कापून घेतला. मग त्याला तलावाच्या पलीकडं, पानकणसाच्या उंच गवतात हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी दाण्याच्या वेळेला घोडा आपल्या पायानं परत आला आणि रोजच्या खुंट्यापाशी जाऊन उभा राहिला. सगळ्यांसमोर स्वार म्हणाला, हा माझा घोडा नाही. नंबर नव्हता, त्यामुळे तो कोणाचा हे कोणालाच सांगता येईना. सोबतच्या सुट्या चिठ्ठीवर तुम्ही लिहिलं होतं की दोन म्हाताऱ्यांनी ही गोष्ट सांगितली, पण दोघांनी नावं वेगळी सांगितली. म्हणून रेघ.

वाशीमच्या कॉलेजात मी आणि ती एकाच एसटीनं जात होतो. दुसऱ्या वर्षी तिच्या चुलतभावानं आम्हाला स्टँडवर एका बाकावर बसलेलं पाहिलं. तिचं कॉलेज त्याच आठवड्यात बंद झालं. मी त्या भावाला स्टँडवरच मारलं, त्याचा ओठ फाटला, आणि मीही परत कॉलेजात गेलो नाही. ती नाही तर तिथं करायचं काय होतं? पुढं काही वर्षांनी मामाला मध्ये घालून मागणी पाठवली. तिचे वडील चहाच्या हॉटेलावर चारचौघांत बसले होते. त्यांनी मामाकडं पाठ केली आणि मलाच हाक मारून जवळ बोलावलं. "कॉलेज सोडून आला, आता पोरगी मागून राह्यला. आमच्या घरच्यानं सोताचा घोडा घेऊन चाकरी केली, बापू. पयले घोडा दाखव, मंग पोरगी माग." कोणीतरी म्हणालं, झाडू चालंन का. सगळे पुन्हा हसले, सर. तुम्ही मला डोणीत उभं केलं त्याला दहा वर्षं झाली होती आणि मी अजून तिथंच उभा होतो.

दसऱ्याला आपल्याकडं ज्या घरांचा स्वतःचा घोडा होता ती माणसं घरातली जुनी नाल तलावावर नेऊन धुतात, तिला कुंकू लावतात. पहिला मान तिच्या वडिलांचा. ते पाण्यात पाऊल टाकणार तेवढ्यात मी डोणीच्या काठावर चढलो आणि वहीतली ती गोष्ट वाचायला लागलो. घाई केली नाही. तोंड बांधलं, पाय बांधले, सगळं वाचलं. नावाशी येऊन थांबलो, त्यांच्याकडं पाहिलं आणि मग नाव वाचलं. किराणावाल्यानं वही हातातून घेतली, तोही तुमचाच विद्यार्थी. बराच वेळ पाहून म्हणाला, "अक्षर सरचंच हाय." कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर आलं नाही. लोक नुसते थोडे मागं सरकले. तिचे वडील नाल हातात धरून एकटे उभे राहिले. साठीचा माणूस. मी खाली उतरलो नाही, पाहत राहिलो.

त्यांनी ती नाल परत घरी नेली नाही, पाण्यात टाकून दिली. तुमचा फोटो शाळेच्या भिंतीवरून कोणीतरी काढला, तो कुठं गेला माहीत नाही. पोरं आता त्या घरासमोरून जाताना घोड्यासारखी खिंकाळतात. हे मी शिकवलं नाही त्यांना.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती फाट्यावर आली. मी मंगरूळपीरच्या बसची वाट पाहत होतो. माणसं बघत होती, तिनं पर्वा केली नाही. म्हणाली, बाबा दोन दिवस जेवले नाही. मग सरळ विचारलं, "ते नाव सरनं लिहिलं का तूनं?"

मी म्हणालो, "सरनं."

"मंग खरं असन," ती म्हणाली. "सर खोटं नव्हते लिहत. बाबाले सांगतो तसं. खरं का खोटं याच्यातच अडकले ते, निदान जेवतीन तरी." आणि उन्हातून गावाकडं चालायला लागली. आता तिचं लग्न मेडशीला ठरलं आहे. माणूस बरा आहे म्हणतात, असं लोक मला मुद्दाम ऐकवतात.

हे पत्र कोणाला दाखवणार नाही, पंचायतीला नाही आणि तिच्या वडिलांना तर नाहीच. गादीखाली ठेवीन. तुम्ही विचाराल की ती पाठमोरी होती तेव्हा हाक का मारली नाही. भीती वाटली, असं मी मामाला सांगितलं. ते खोटं आहे. तोंड उघडलं होतं मी. पण ती उपाशी बापापेक्षा, माझ्यापेक्षा तुमच्या अक्षरावर जास्त भरोसा ठेवून निघाली होती, आणि त्या वेळी मला तिची दया नाही, तुमचा हेवा वाटला. म्हणून गप्प बसलो.