कोंडाजीचं वारं

१० फेब्रुवारी १९२१, गुरुवार

आज भलतंच होऊन बसलं. दुपारी पारावर आम्ही तिघं सुपारी कातरत होतो — मी, अल्लाउद्दीन गाडीवान आणि कोंडाजी. पलीकडच्या खोऱ्यात धरणाचं काम निघालंय हे ऐकून होतो, पण सुरुंग आज पहिल्यांदा उडाला. डोंगर दणाणला आणि कोंडाजी बसल्या जागी मातीत कोसळला. डोकं दोन्ही हातांत, अंग लटलट कापतंय, तोंडातून घुमल्यासारखा आवाज.

मला कळलं. अल्लाउद्दीनलाही कळलं. सरकारी पलटणीतून बसऱ्याच्या लढाईवर गेलेला हा परत आला तेव्हापासून पाहतोच आहोत. भांडं पडलं तरी दचकतो. मध्येच हिवताप उसळतो. विचारलं की ठरलेलं उत्तर — ‘काय न्हाई मास्तर, जरा थंडी हाय.’ भर वैशाखात थंडी!

बायका धावत आल्या, काय झालं, काय झालं. अल्लाउद्दीन पटकन बोलून गेला, ‘वारं आलंय त्येच्या अंगात. वाघजाईचं.’

झालं. कुणी कुंकू आणलं, कुणी नारळ. कस्तुराबाईनं तर हरवलेल्या म्हशीचा प्रश्नही विचारून घेतला. देव ओळखला तो मुसलमानानं, आणि गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अंगात येणाऱ्यांची टिंगल करण्यात मी निम्मा जन्म घालवला. आज तोंड मिटून उभा होतो. काय करणार? भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा देव झालेला बरा, असं कोंडाजीच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

११ फेब्रुवारी

कस्तुराबाईची म्हैस सापडली. आता काही खरं नाही.

१६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी धुकं इतकं दाट की शाळेत बसून बाहेरचं झाडही दिसेना. पोरं एकेक करून धुक्यातून उगवत होती. अशा वेळी वाटतं, खोऱ्याच्या पलीकडे जगच नाही. धरण नाही, साहेब नाही, लढाई झालीच नाही.

दुपारी सगळं पुन्हा आहेच. सुरुंग रोज जेवणाच्या आधी उडतो. आधी शिंग फुंकतात. आम्ही युक्ती काढली आहे. शाळेचं छप्पर शाकारायचंय या सबबीवर कोंडाजीला बोलावतो, तो ओट्यावर दोर वळत बसतो. शिंग वाजलं की मी पोरांना पाढे म्हणायला लावतो, तेही बेंबीच्या देठापासून. बे एके बे, बे दुणे चार — सुरुंग त्या गोंगाटात बुडून जातो. कोंडाजीचे हात क्षणभर थांबतात, पुन्हा चालू लागतात. रविवारी अल्लाउद्दीन त्याला गाडीतून नदीवर नेतो, बैलांच्या गळ्यात नेहमीपेक्षा जास्त घुंगरं बांधून.

कोंडाजी एका शब्दानं विचारत नाही. आम्ही सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. छप्पर मात्र जन्मात शाकारून व्हायचं नाही.

४ मार्च, शुक्रवार

राब भाजायला सुरुवात झाली. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या वाफ्यात शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या अंथरून पेटवून दिल्यात. सगळं आंदर मावळ निळ्या धुरात तरंगतंय. माणसं धुरात शिरतात आणि भलतीकडूनच बाहेर येतात. मी तासभर बांधावर बसून राहिलो. झोपेत असल्यासारखं वाटत होतं, आणि ते बरं वाटत होतं.

कोंडाजी आणि त्याची बायको नंदाबाई राबावर होते. तो माझ्याशेजारी येऊन बसला. धुराकडे पाहत होता. मग म्हणाला, ‘तितं नदीवर बी असाच धूर असायचा, मास्तर. पर त्यातनं मान्सं...’

एवढं म्हणून त्यानं तंबाखू मागितली. मी दिली.

नंदाबाईला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे अल्लाउद्दीननं आणि मी ठरवलंय. पोर साधी आहे. देवाचा माणूस म्हणून नवऱ्याच्या पायाला हात लावते. तिचा बाप तापट. जावई बिघडलेला आहे असं कानावर गेलं, तर लेकीला माहेरी घेऊन जायला कमी करायचा नाही.

२८ मार्च, रंगपंचमी

शाळेला सुट्टी, म्हणून बरं. कोंडाजीला सकाळपासून ताप. त्याला शाळेत निजवलं. घरी सांगितलं, अल्लाउद्दीनबरोबर कामशेतला गेलाय. आणि खोटं खरं दिसावं म्हणून तो बाबा खरोखरच रिकामी गाडी घेऊन कामशेतला जाऊन आला! म्हणे, ‘बैलं बी इचारत व्हती, काय आनायचंय?’

मी निरोप द्यायला गेलो तेव्हा नंदाबाईनं न विचारताच घोंगडी काढून दिली. ‘गाडीवर वारं लागतं, मास्तर.’ किती भाबडी! घोंगडी आयतीच कामाला आली.

कोंडाजी तापात कुणालातरी हाका मारत होता. नाव गावातलं नव्हतं.

१२ एप्रिल, मंगळवार

आगीतून फुफाट्यात. शेजारच्या गावचा देवऋषी अंबाजी आज चावडीवर येऊन बसला. सुरुंग उडाल्यावरच येतं ते कसलं वारं, म्हणतो. चैत्री पौर्णिमेला वाघजाईच्या यात्रेत कोंडाजीच्या तळहातावर पेटता कापूर ठेवायचा. देव खरा असला तर पोळणार नाही. पोळला तर त्यानं देवीची थट्टा केली, गावानं त्याला वाळीत टाकावं.

पाटलांनी मान डोलावली. कोंडाजी तिथेच होता. म्हणाला, ‘व्हय. ठिवा की.’

१९ एप्रिल

यात्रेत पालखी निघताना उखळी दारू उडते. त्या बाराच्या आवाजानं कोंडाजी पडणार हे ठरलेलं. पाटलांना म्हटलं, यंदा बार नकोत, गवताच्या गंजी पेटतील. पाटील हसले. ‘मास्तर, बार न्हाई तर यात्रा कसली?’

अल्लाउद्दीन कोंडाजीला म्हणाला, त्या दिवशी लोणावळ्याला भाडं आहे, सोबत चल. तर हा म्हणतो, ‘ज्येच्या अंगात देव त्योच यात्रंला न्हाई? लोक काय म्हनतील?’

वारं आलं ते अल्लाउद्दीनच्या जिभेवरून, आता ते उतरवायचं कसं? अल्लाउद्दीन दोन दिवस धड जेवलेला नाही. मला कोंडाजीचा राग येतो, आणि त्याच्यावर माया आहे म्हणूनच येतो.

२२ एप्रिल, चैत्री पौर्णिमा



पालखी उचलली. पहिला बार उडाला. कोंडाजी देवळासमोर कोसळला, अगदी पारावर पडला होता तसाच. अंबाजीनं ताटात कापूर पेटवला आणि त्याची मूठ उलगडू लागला. अल्लाउद्दीन आणि मी गर्दीतून घुसत होतो, पण माणसांची भिंत झालेली. मी ओरडलो. माझा आवाज मलाच आला नाही.

तेवढ्यात नंदाबाईनं केस मोकळे सोडले. घुमत पुढे आली आणि म्हणाली, ‘त्याला सोडला. आता मी हितं आले.’ आणि ताटातला पेटता कापूर तिनं आपल्या हातानं उचलला. तळहातावर धरून उभी राहिली. विझेपर्यंत. गाव आडवं झालं, अंबाजीसुद्धा. तिच्यापुढे माथे टेकलेले असताना आम्ही दोघांनी कोंडाजीला उचलून देवळामागे नेलं. कुणी पाहिलंही नाही.

मग तिच्या घरी कोरफड घेऊन गेलो. तळहाताकडे बघवत नव्हतं. पदराआड हात झाकूनच तिनं अंबाजीला अंगारा दिला होता.

मी म्हटलं, हे काय केलंस, बाई?

‘पयल्या दिसापासनं ठावं हाय मला, मास्तर. द्येव काय झोपंत रडतो व्हय? तुमी दोगं भाईर सांबाळत व्हता, मी घरात.’ मग खालच्या आवाजात — ‘त्यास्नी सांगू नका. मला कळलंय ह्ये कळलं, तर त्यांला लाज वाटंल.’

मी होय म्हटलं. बाहेर आल्यावर बांधावर बसून रडलो.

२४ एप्रिल, रविवार

उजाडताच कोंडाजी दारात. बसला नाही. ‘मास्तर, तिचा हात बगितला म्या. माज्यात द्येव न्हाई. मला भ्या वाटतं, बसऱ्यापासनं. कापरं भरतं, ताप येतो. डाक्टरला दावा मला.’

गावाला काय सांगायचं, मी विचारलं.

‘पारावर सांगूनच आलोय. माजं तेवढंच सांगितलं, तिचं न्हाई.’

अल्लाउद्दीननं गाडी जुंपली आहे. कामशेतहून आगगाडीनं लोणावळा. नंदाबाई घोंगडी घेऊन आधीच गाडीत बसली आहे. दवाखान्यात आज दोघांची नावं सांगायची, त्याच्या तापासाठी आणि तिच्या हातासाठी.