बंदराला न लागलेल्या होड्या

रूपेश,

मी कुठे गेलेली नाही, आतल्या खोलीत पडून आहे. हाका मारू नकोस, आवाजाने डोकं फुटतं. तू आणलेले सहा बांगडे, त्यातले दोनच साफ झाले. बाकीचे तू कर. तीस वर्षं मासळी विकलेल्या बाईचे हात एवढ्यात गळाले, हे शेजारच्या सावित्रीला कळता कामा नये.

तुझ्या मोबाइलातलं संशोधन म्हणतं, रोज थोडं जास्त चाला, हा थकव्याचा आजार जातो. ऐकलं तुझं. रविवारी मांडवीच्या जेटीपर्यंत चालले. आज गुरुवार, अजून भिंत धरून मोरीत जाते. त्या शहाण्यांना विचार, तपासायला माणसं कुठली घेतली? स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली तीच ना? बंदराला लागलेल्या होड्या मोजून कोणी म्हणतं का, की समुद्रात कोणी अडकलं नाही?

चौथी शिकले मी, पण एवढं कळतं. "आई, मनावर घे" असं परत म्हणालास तर काठीच घालीन. ती उचलायची ताकद नाही, म्हणून वाचशील.

जेवलास की आत ये. औषध नको, मोबाइल नको, नुसता बस. रविवारपासून जवळ कोणी बसलेलं नाही. दार लोटलंय, कडी घातलेली नाही.

आई