बारमाही चाकं

७ डिसेंबर, रविवार
लिहिणार नात सायली, बोलणार मी. माझं अक्षरांशी कधी जमलं न्हाय. तिला ताकीद दिली हाय, माझ्या बोलण्यात सुधारणा करायची न्हाय.
गडहिंग्लजहून भाचीचा फोन. अक्का, माझी थोरली बहीण, माणसं विसरायला लागली. पोटच्या लेकाला म्हणाली, "पावणं कुठलं?" माझी आठवण मात्र अजून काढते, "धाकटी आली का?" तेही सकाळी सकाळी. ऊन चढलं की सगळा गोंधळ.
म्हटलं, पहाटेच निघूया. माझा लेक सुभाष आडवा. "आई, थंडीत नको. कारखाने चालू हायत, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, वर धुकं. आणि त्या गाडीची चाकं बघितलीस? उन्हाळ्यात जाऊ."
उन्हाळ्यात मी जाईन की. पण अक्काला मी कोण ते ठाऊक असंल?

८ डिसेंबर
चाकं बघितली. काय झालंय त्यांना? मालकांनी, सायलीच्या आजोबांनी, जायच्या आधी घातलेली. त्यांच्या माघारी गाडी आमच्या बावड्याबाहेर गेलीय कुठं? नक्षी शाबूत, वर चकचकीत. चकचकणारच, तेल लावते मी. मालकांचीच रीत ती. कापशी पायताण तेलानं मऊ करायचे, उरलेला हात चाकांना पुसायचे. "कातडं काय आन् रबर काय, दोघांनाबी ओलावा लागतोय."
आता पायताण दाराशी, गाडी दारात. दोन्हींचं तेल माझ्याकडं.
सायली म्हणते, आजोबांना तरी एवढी मालिश केलीस का? गप लिही म्हटलं.

१३ डिसेंबर, शनिवार
टायरच्या दुकानात. गाडी सायलीनं चालवली. मी गाडीतनं उतरेपर्यंत दुकानातले चाचा चाकापाशी बसून बोट हुंगत होते.
"आजी, तेल लावलंय व्हय ह्याला?"
"व्हय की. घाण्याचं. शेंगतेल."
त्यांनी कपाळाला हात लावला. "अवो, तेलानं रबर नासतंय! त्यात वय झालंय. ह्या भेगा बघा. नक्षी हाय, पण कडक पडलंय. वल्या रस्त्याला धरणार न्हाय."
म्हटलं, "माझ्यागतच. नक्षी शाबूत, गुडघे गेलेत."
चाचा हसले. मीपण हसले. परत येताना मात्र तेच मनात. इतकी वर्षं जपतेय म्हणून तेल लावलं, आन् त्यानंच…
राहिलं. टायरचं लिही. सुभाषनं मोबाईलवर बर्फातलं हिवाळी टायर शोधलेलं. गडहिंग्लजला बर्फ कधीपासनं? चाचा म्हणाले, ते आपल्या गरमीत लवकर झिजतं. जाड दातांचं शेतात बरं, डांबरावर नुसतं घुमतं. तुम्ही तिन्ही ऋतूंचं घ्या. पावसात ह्या खाचांतनं पाणी बाहेर पडतंय, दवाच्या रस्त्यावर पकड ऱ्हाती, उन्हाळ्यातबी टिकतंय.
"म्हणजे बारमाही. आमच्या माहेरच्या विहिरीगत."
"व्हय. पण धुक्याला टायर काय करणार? तिथं सावकाशच जायचं."
सांगते म्हणून उठले. मालकांची चाकं काढायची म्हणजे…

१४ डिसेंबर
दिवसभर तेच डोक्यात. दर थंडीला मालक मला अक्काकडं न्यायचे. धुकं दाटलं की काच खाली करून मान बाहेर. कान गार पडायचे, मफलर मात्र माझ्या गळ्यात. अक्काच्या दारात गाडी थांबली की चारी चाकांवरनं हात फिरवायचे आणि गाडीला विचारायचे, "दमलीस व्हय?" मला कधी विचारलं न्हाय. अक्का दारातनं ओरडायची, "पावणं, आमच्या धाकटीला बी इचारा की!"

१७ डिसेंबर
सकाळी अक्काशी फोनवर बोलले. आवाज ओळखला!
"धाकटे, कधी येतीस? पावण्यांना म्हणावं, गाडी काढा."
मालक गेले तेव्हा माझ्या शेजारी बसलेली ती. आता काय सांगू?
"काढत्यात," म्हटलं.
फोन ठेवला आणि सायलीला म्हटलं, चाकं बदल.

२० डिसेंबर, शनिवार
नवी चाकं बसली. हळदकुंकू, नारळ, चार चाकांखाली चार लिंबं. सवयीनं तेलाची बाटली उचलली, सायलीनं हिसकावली. "आजी, माहेरी चालत जायचंय का?"
जुन्यातलं एक चाक घरी आणलं. सुभाष म्हणतो, ह्याचं काय करणार? म्हटलं, तुळशीला आळं. तेल मात्र पायताणालाच लावलं.

२१ डिसेंबर, पहाट
गाडीत बसून सांगते. समोरच्या घराचं फाटक दिसत न्हाय एवढं धुकं. साखर कारखान्याकडनं येणारा मळीचा उग्र वास, तोच जुना.
सुभाष शाल गुंडाळून आडवा उभा. "नऊपर्यंत थांब की आई, धुकं उतरू दे."
"मग अक्काची सकाळ सरंल."
सुभाष गाडीभोवती फिरला, वाकून चारी चाकांवरनं हात फिरवला. बापानं शिकवलं न्हवतं त्याला. मग मागचं दार उघडून आत बसला. "सायले, सावकाश. काच खाली घे."
गळ्यात मफलर मालकांचाच. अक्का विचारणार, पावणं कुठं हायत? काय सांगायचं ते अजून ठरलं न्हाय. वाटंत ठरवू.
बास कर आता लिहायचं. किल्ली फिरव.