नव्या वकिलांवर माझी देखरेख

५ जून
नोकरी कायम होणार. आमच्या ऑफिसच्या मुख्य वकीलबाई, म्हणजे मॅडम, म्हणाल्या की हॉटेलची केस नीट पार पडू दे, मग बघू. 'बघू' म्हणजे होच. आईला कायम झालो असंच सांगितलं. जरा आधी सांगितलं, एवढंच.

८ जून
नवे वकील रुजू झाले. आमच्या हॉटेलमालकाने ज्या लिफ्ट कंपनीवर दावा लावलाय, तिचेच हे कालपर्यंतचे वकील. मॅडम म्हणाल्या, कंपनीची गुपितं यांच्या डोक्यात आहेत. इकडचं तिकडे झालं, तर हे एकटेच नाही, अख्खं ऑफिस केसमधून बाहेर. म्हणून यांनी त्या केसपासून लांब राहायचं. लक्ष कोण ठेवणार? मी. लॉचं पहिलं वर्ष दोनदा केल्याचा असा फायदा होतो.

९ जून
नव्या वकिलांचं टेबल झेरॉक्स मशीनच्या मागे नेलं. मध्ये कपाट आडवं लावलं. तिथे पंख्याचा वारा पोहोचत नाही, पण शिस्त पोहोचते. ते म्हणाले, "अरे, मी वकील आहे की गोवराचा पेशंट?" टोमण्याकडे दुर्लक्ष केलं.

११ जून, दुपारी
चहाच्या वेळी सगळे हॉटेलच्या केसवर बोलतात. नव्या वकिलांना ऐकू जाऊ नये म्हणून तेवढा वेळ खोकलो. घसा बसला. टायपिस्टबाई तोंडाला रुमाल लावून लांब बसल्या. चांगल्या कामाची कदर नाही.

१५ जून
व्यवस्थेत मोठी त्रुटी सापडली. काय ऐकायचं नाही हेच नव्या वकिलांना माहीत नाही, मग ते कान बंद कधी करणार? जेवणाच्या सुट्टीत सगळं समजावलं: आपला साक्षीदार कोण, केस कुठे कच्ची, मालक कुठे नमतं घेईल. ते 'नको, नको' म्हणत होते. भिडस्त आहेत.
मग कंपनीची कोणती गुपितं आपल्याला कळायला नकोत, ते विचारलं. ते डबा आवरायला लागले. मीच एकेक अंदाज केला. 'लिफ्टची तपासणी झालीच नव्हती का?' म्हटल्यावर त्यांना ठसका लागला. लगेच मॅडमना कळवलं, म्हणजे आपलं कुणी चुकूनही तिकडे बघायला नको. मॅडम डोकं धरून बसल्या. उन्हाचा त्रास असावा.

१९ जून
कोर्टात लिफ्ट कंपनीने हरकत घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, नव्या वकिलांना वेगळं ठेवल्याची खात्री कोण देणार? मॅडम उठायच्या आत मी उठलो. काहीही लपवलं नाही. समोरचे वकील इतके भारावले, की त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला दिलं.
आमचं ऑफिस केसमधून बाहेर.

२० जून
मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस." किती दिवस, हे सांगितलं नाही. रागात राहून गेलं असेल.

२५ जून
डबा घेऊन नेहमीच्या वेळेला निघतो. आज दुसऱ्या वकिलांच्या ऑफिसात गेलो. हॉटेलची केस आता त्यांच्याकडे आहे. मला दोन्ही बाजूंचं सगळं माहीत आहे, हे अभिमानाने सांगितलं. ते खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "तुम्ही इथे कामाला आलात, तर आमचंही ऑफिस बाद." आणि स्वतः दारापर्यंत सोडायला आले.
एका माणसापायी अख्खं ऑफिस बाद! हा मान आजवर फक्त वकिलांना होता. घरी आल्यावर आईला सविस्तर सांगितलं.
ती म्हणाली, मग उद्या डबा करायचा का?
नको म्हणालो.