मिठाची रेघ

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

घेतली एकदाची! हवा भरायची कयाक. निळी, तीन सीटची. चार दिवस नयनने डोकं खाल्लं – फायबरचीच घेऊ, टिकते. अरे, पण ठेवणार कुठे, चौदाव्या मजल्यावर? ही घडी घालून पिशवीत जाते, पिशवी पलंगाखाली. हवेचे तीन वेगळे कप्पे आहेत, एक फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. पायाने मारायचा पंप, हवेचा दाब बघायचा काटा, दोन वल्ही. लाइफ जॅकेटं वेगळी घ्यावी लागली. त्यात मी कंजुषी करू दिली नाही.

नयन म्हणत होता दोन सीटची पुरे, मला कुठे दर रविवारी वेळ असतो. म्हणूनच तीनची घेतली! सीट रिकामी दिसली की लाज वाटून येईल.

हे सगळं कृतिकासाठी. शाळा बदलल्यापासून पोरगी मुकी झालीये. बारा वर्षांची. विचारलं तर ‘हं’, नाही विचारलं तर तेही नाही. नौपाड्याच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि पोटच्या पोरीला काय होतंय ते मला कळत नाही. मला तिचा आवाज परत हवा आहे. बस्स.

२० ऑक्टोबर

हॉलभर फुगवून ठेवली. बाबांनी – माझ्या सासऱ्यांनी – तिला दोनदा प्रदक्षिणा घातली. चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्म इथलाच, कोलशेतचा. निम्मं आयुष्य मिठागरावर गेलं. ती जमीन बिल्डरला दिली आणि आता आम्ही तिच्याच डोक्यावर चौदा मजले वर राहतो. बोटाने रबर दाबून म्हणाले, "तिघांची घेतलीव तं तिघां बसा. रिकामी जागा पान्याला दाखवाची नाय. मानूस नसला तं नारल ठेवाचा."

आणखी एक – उतरताना एकेकाचं नाव घ्यायचं. त्याने ‘ओ’ म्हणायचं, मगच पाय जमिनीवर. यांच्या मिठागरात सगळ्या होड्यांवर अशीच पद्धत होती म्हणे.

मी डोंबिवलीची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला किती वाजता येतं तेवढंच. हसू दाबलं.

३ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी, कोलशेतच्या खाडीत! दुपारची भरती. अमावास्येचं उधाण, बंदराच्या पायरीपर्यंत पाणी. पुढे कृतिका, मधे नयन, मागे मी. अर्धा तास गोल गोलच फिरत होतो – नयन डावीकडे मारतो, मी पण डावीकडे! मग जमलं. तिवरांच्या वळणापर्यंत जाऊन आलो. कृतिका एक शब्द बोलली नाही, पण वल्हं सोडलं नाही.

उतरताना काठावरून बाबांनी नावं घेतली. "नयन!" ओ. "भावना!" ओ. "कृतिका!" – तिचं ‘ओ’ इतकं बारीक की बाबांनी दोनदा हाक मारली.

डबे उघडून बसलो तोवर बोट उन्हात वाळली. तिच्या अंगावर पांढरी रेघ उठली, मिठाची. बोट पाण्यात जिथवर बुडाली होती तिथवर. बाबांनी तळापासून बोटं लावून मोजलं. "सहा बोटां. तिघां." मिठागरावर वजनाचा काटा नसायचा, होडीच्या रेघेवरून गोण्या किती ते बाबा सांगायचे. एका गोणीची चूक झाली नाही कधी, म्हणे. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, घरातला हिशोब सोडून!

१० नोव्हेंबर

पाणी नाही. नुसता चिखल. घरी बसलो.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते आधी लिहिते. कृतिका बोलली!

नयनला साइटवर बोलावलं, आम्ही दोघीच. बाबांनी मधल्या सीटसाठी नारळ काढून ठेवला होता. तो मी सकाळीच फोडला – सँडविचच्या चटणीला ओलं खोबरं नको का? ते ओरडतील म्हणून सांगितलं नाही. मधली सीट तशीच रिकामी.

वळण पार केलं आणि पुढून आवाज. खेकडे, बगळे, शाळेतली ती भांडकुदळ मुलगी – पाठमोरी बसून बडबडत होती. हसली सुद्धा! मी मागे रडत वल्हवत होते. मधे मधे ‘हो ना?’ विचारायची. मी ‘हो’ म्हणायची.

बोट वाळली. बाबांनी बोटं लावली. परत लावली. माझ्याकडे बघितलं.

"यो तिघांचा वजन हाय. तिसरा कोन व्हता?"

मी म्हटलं, डबे होते. "डबं?" एवढंच म्हणाले आणि उठून घरी गेले. जेवले नाहीत.

नयन म्हणतो हवा कमी भरली असशील, बोट खाली बसली.

१८ नोव्हेंबर

काट्यावर तपासलं. हवा बरोबर आहे.

१ डिसेंबर, रविवार

मी लॅबवाली. एकदा आकडा चुकीचा वाटला तर नमुना परत लावायचा, हा धर्म. नयनला काठावर उभं केलं. आम्ही दोघी बसलो, नारळ नाही, डबे नाहीत, पाण्याच्या बाटल्या पण काठावर. नयनने गुडघाभर पाण्यात उतरून मोजलं – चार बोटं. दोघींची चारच.

वळणापलीकडे गेल्यावर कृतिका सुरू झाली. आज मी तोंड उघडलं नाही. एकदाही नाही. तरी ती बोलायची, थांबायची, मग – "खरंच? मग तू काय केलंस?" थांबायची. हसायची.

मधली सीट माझ्या अगदी समोर. हवेची उशी मधोमध दबलेली होती, कुणी बसल्यावर दबते तशी.

परत आलो तेव्हा नयनने पुन्हा मोजलं. सहा. तो माझ्याकडे बघून हसला. मग हसायचा थांबला.

बंदराच्या पायऱ्या चढताना कृतिकाला विचारलं, कुणाशी बोलत होतीस? ती आश्चर्याने म्हणाली, "मधे बसते तिच्याशी. तू मागे असतेस, तुला तर दिसतच असेल ना!"

२ डिसेंबर

बाबांनी सांगितलं. आपण होऊन. मी चहा ठेवला आणि त्यांनी सुरुवात केली.

त्यांची धाकटी बहीण होती, सगुणा. बारा वर्षांची. हे मला लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर कळतंय. नयनला सुद्धा नाव माहीत नव्हतं. दोघं बहीणभाऊ मिठागरावरून बापाला डबा देऊन होडीने परत येत होते. ती होडीतच झोपून गेली. काठ आला.

"मना भूक लागलेली. उरी मारली न घरा पलालो. नाव घेतला नाय तिचा. हाक मारली असती तं उठली असती गो ती..."

होडी बांधली नव्हती. ओहोटीने ओढून नेली. दुसऱ्या दिवशी होडी मिळाली, रिकामी. बाबांनी घरी सांगितलं की ती त्यांच्याबरोबर आलीच नव्हती. आजतागायत तेच सांगत आले. नारळ, नावं घेणं – ही कसली मिठागराची पद्धत! एकट्या बाबांची.

"साठ वर्सं कुनी तिचा नाव नाय घेतला," म्हणाले. चहा तसाच राहिला. मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला.

६ डिसेंबर

बोट घडी घालून पलंगाखाली ढकलली. विकून टाकू म्हणतो नयन.

चार दिवस कृतिका परत मुकी. आज रात्रीच्या जेवणात अचानक – "रविवारी?" चार दिवसांतला एकच शब्द! मी काय करू? जिथे ती हसते तिथे न्यायची मला भीती वाटते. आणि न न्यावं, तर ही अशी. भिंतीकडे बघत जेवणारी.

८ डिसेंबर

नेलं नाही. दिवसभर खोलीचं दार बंद.

११ डिसेंबर

बाबा म्हणाले, "मी येतंय. मीच मधी बसतंय. जागा रिकामी ऱ्हाची नाय, मंग कोन बसंल?" वयाला शोभेल असं बोला, म्हटलं. पण बोलणं पटलं. मधली जागा भरली की संपलं. पोरीला पाण्यावर जाता पण येईल.

१५ डिसेंबर, रविवार

पौर्णिमेचं उधाण. पुढे कृतिका, मधे बाबा, मागे मी. नयन काठावर. बाबांना जॅकेट घालताना दोघांनी धरावं लागलं, पण वल्हं हातात आल्यावर म्हातारा वीस वर्षांनी लहान झाला! पाणी कापत गेलो.

वळणापलीकडे बाबांनी वल्हं आडवं ठेवलं. काही तरी पुटपुटत होते. कृतिका मागे वळली नाही, बोलली नाही, नुसती ताठ बसून होती. गारठा होता. बगळे पण नव्हते. मी म्हटलं, चला परत. कुणीच हललं नाही, पण बोट आपली आपण काठाकडे वळली. भरतीचं पाणी असेल.

काठाशी बाबा आधी उतरले. ओल्या पायरीवर उभं राहून नावं घेऊ लागले.

"भावना!" – "ओ." मी उतरले.

मग त्यांनी बोटीकडे बघितलं. म्हणाले, "सगुणा!"

आणि कृतिकाने ‘ओ’ दिलं. खणखणीत! उडी मारून उतरली आणि त्यांना बिलगली. बाबा हमसून हमसून रडले.

मी कृतिकाचं नाव घ्यायला हवं होतं. सुचलंही होतं. पण बंदरावर गळ टाकून चार लोक बसले होते, सगळे आमच्याकडेच बघत होते, मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, जाऊ दे. म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरलं. बोट वाळल्यावर मीच बोटं लावली – सहा. तिघांची सहा. चौथं कुणी नाही!

आज शांत झोप लागेल.

२० डिसेंबर

घर नुसतं भरून गेलंय! कृतिका सकाळपासून बोलते, माझ्या मागे मागे फिरते, भांडी लावते. आज सुकट दोनदा मागून घेतली. वास आला तरी नाक धरून पळणारी पोर! नयन म्हणतो, तुझ्या बोटीला सोन्याने मढवू. मी देवापुढे साखर ठेवली.

२६ डिसेंबर

बाबांना ‘दादा’ म्हणायला लागलीये. आजोबा नाही. लाडात येऊन असेल. ते पण ‘काय गो’ म्हणून ओ देतात. दोघं बाल्कनीत बसून खाडीकडे बघत असतात. मी गेले की गप्प होतात.

३ जानेवारी २०२५

शाळेतून बाईंचा फोन. चाचणीचे सगळे पेपर कोरे दिलेत. "नाव पण लिहिलं नाहीये हो. बरं नव्हतं का तिला?"

रात्री जेवताना बघत होते. ती उजव्या हाताने जेवत होती. जन्माची डावखुरी माझी पोर. पहिलीपासून सांगून सांगून थकले, कधी ऐकलं नाही.

हात धुताना तिने माझ्याकडे बघितलं आणि गोड हसली. मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

५ जानेवारी

बाबांना सरळ विचारलं – त्या दिवशी ते नाव चुकून घेतलंत की मुद्दाम? खाली मान घातली. म्हणाले, "ती लई थकलेली व्हती गो."

१२ जानेवारी, रविवार

नयनला ओढून नेलं. तो पुढे, मी मागे. मधली सीट रिकामी, नारळ नाही. मुद्दाम. पोरगी यायला तयार नाही. "मना पान्यात नाय याचा," म्हणाली. काठावर बाबांच्या मांडीला टेकून बसली.

वळणापर्यंत गेलो, आलो. उतरताना नावं घेतली नाहीत. बोट वाळली. मी बोटं लावली.

सहा.

उठून उभी राहिले आणि जिवाच्या आकांताने हाक मारली – कृतिका! काठावरची मुलगी बाबांशी बोलत होती, ती बोलतच राहिली. ‘ओ’ आलं ते बोटीतून. बारीक, पहिल्या दिवशी आलं होतं तसं.

मी रिकाम्या सीटकडे हात पुढे केला.