पाहुण्याला ‘नाही’ न म्हटल्याबाबत

प्रति,
मा. पालकत्व योग्यता अधिकारी साहेब,
मानसमापन कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : अर्जदाराचे मन तीनदा मोजूनही हाती न लागल्याने, मापे बाजूला ठेवून नात ताब्यात देणेबाबत.
संदर्भ : आपल्याच कक्षाचे तीन अहवाल, जे एकमेकांना ओळख दाखवीत नाहीत.

अर्जदार : जैतुनबी शेख उस्मान, रा. बिडकीन, ता. पैठण.

महोदय,

१. अर्जदारांची मुलगी व जावई शेंद्र्याहून कामावरून परतताना अपघातात गेले. त्यांची आठ वर्षांची मुलगी जहांआरा मूठमातीनंतर काही दिवसांपासून बालिकागृहात आहे. अर्जदारांनी नात मागितली, तेव्हा साठी उलटलेल्या बाईचे मन मूल सांभाळण्याजोगे आहे की नाही, हे मोजल्याशिवाय देता येत नाही असे कळविण्यात आले. सरकारने मन मोजण्याची सोय केली आहे हे ऐकून अर्जदारांना बरेच वाटले. आजवर त्यांचे मन कोणी विचारलेही नव्हते.

२. पहिल्या चाचणीस आपले परीक्षक साहेब घरी आले. अर्जदारांनी सतरंजी अंथरली, शेजारून दूध आणून चहा केला. साहेबांनी खिन्नता मोजण्याची मापनी काढून एकेक प्रश्न वाचला. झोप लागत नाही का? “व्हय साहेब.” जीव घाबरा होतो का? “व्हय.” जगणे नकोसे वाटते का? “व्हय, आता तुमी म्हणताय तर.” या घरची रीत अशी की, दारी आलेल्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. उन्हातून एवढ्या लांब आलेल्या माणसाला सारखे नाही म्हणणे अर्जदारांच्या जिवावर आले. निकाल लागला : तीव्र खिन्नता. साहेबांनी या खिन्न बाईच्या हातचा चहा दुसऱ्यांदा मागून घेतला होता, पण त्यासाठी मापनीत रकाना नसल्याने नोंद झाली नाही.

३. तेव्हा प्रस्तुत अर्ज लिहिणारा बद्रीनाथ, अर्जनवीस, याने फेरचाचणीची विनंती लिहून दिली. ती कार्यालयात झाली. साहेब सुरुवातीलाच म्हणाले की, मावशी, मागच्या वेळी सगळ्याला हो म्हणालात आणि स्वतःचेच नुकसान केलेत. साहेबांची मर्जी अर्जदारांनी ओळखली. कधी राग येतो? “नाय.” कोणाचा हेवा वाटला? “नाय.” आयुष्यात कधी खोटे बोललात? “नाय साहेब.” खोटे पकडण्यासाठी त्यात वेगळे प्रश्न पेरलेले असतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. निकाल : उत्तरे विश्वासार्ह नाहीत, अर्जदार स्वतःला चांगले दाखवू पाहतात. नात मागायला येताना बाईने स्वतःला वाईट दाखवावे अशी अपेक्षा असल्यास तसा फलक लावावा, लोक तयारीने येतील.

४. तिसऱ्या वेळी पाच घरांची मापनी आली. एका टोकाला पूर्ण सहमत, दुसऱ्या टोकाला पूर्ण असहमत. हो म्हणून बुडालेल्या आणि नाही म्हणूनही बुडालेल्या बाईने शेवटपर्यंत मधल्याच घरावर बोट ठेवले. “मधलं बरं, कुणाचंच मन मोडत नाय.” निकाल : निर्णयक्षमतेचा अभाव. महोदय, या बाईने तरुणपणी नवरा गेल्यावर बांगड्यांचे दुकान चालवून मुलगी वाढवली. त्याच मुलीला आणि जावयाला मूठमाती मिळाली, त्या संध्याकाळी घरात सगळे रडत असताना नातीला मांडीवर घेऊन जेवू घातले. तो निर्णय कोणत्या घरात बसतो, ते कळावे.

५. सारांश, अर्जदार अतिशय दुःखी आहेत, सुखी असल्याचे सोंग करतात आणि दोहोंपैकी काय ते त्यांना ठरवता येत नाही. एवढे सगळे एकाच बाईत सापडल्याबद्दल कक्षाचे अभिनंदन. शिंप्याच्या टेपने एकाच गिऱ्हाइकाची कंबर तीन वेळा तीन मापांची भरली, तर आमच्याकडे टेप बदलतात.

६. इथवर अर्जनवीसास हसू येत होते. पुढचे लिहिताना येत नाही. मागच्या आठवड्यात कळले की, नातीचीही चाचणी झाली. तिला रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे दाखवून, तुला इथे कसे वाटते ते दाखव, असे सांगितले. तिने सर्वांत हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. सबब बालिका समाधानी असून तिला हलविण्याची निकड नाही, असा शेरा पडला. हे वाचून दाखवताच अर्जदार अर्जनवीसाच्या टेबलापाशीच खाली बसल्या. “माझंच शिकवणं हाय ते. परक्यानं इचारलं तर बरं हाय म्हणावं, आपलं रडगाणं त्याच्यापुढं गाऊ नये, असं मीच सांगितलं तिला. लई गुणाची पोर, तितंबी इसरली नाय.” हे त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत.

७. तरी विनंती की, चौथी मापनी काढू नये. जहांआराला एकदा अर्जदारांसमोर आणावे आणि आपण स्वतः दाराशी थांबावे. परक्यांपुढे ती हसतच राहील. नानी दिसल्यावर ती काय करते ते पाहावे आणि लिहून घ्यावे. रकाना नसल्यास कागदाच्या पाठीमागे लिहावे.

आपली, नम्रपणा अहवालात दोष ठरूनही अद्याप नम्र,

जैतुनबी शेख उस्मान
(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)
लिहून देणार : बद्रीनाथ, अर्जनवीस

छत्रपती संभाजीनगर
दि. १८ जून २०२४

सोबत : तिन्ही अहवालांच्या व चेहऱ्यांच्या चाचणीवरील शेऱ्याच्या नकला.